अर्ज कोणाच्या नावे? तेरखेड्याहून कलेक्टर कचेरीपर्यंत

धाराशिव जिल्ह्याच्या वाशी तालुक्यातल्या तेरखेड्यात एखादे काम अडले की चहाच्या टपरीवर एक सल्ला हमखास मिळतो : "कलेक्टरला अर्ज द्या." शेजाऱ्याने बांध कोरला, द्या कलेक्टरला अर्ज. शाळेत गुरुजी कमी पडले, द्या कलेक्टरला अर्ज. महामार्गात गेलेल्या जमिनीचा मोबदला कमी आला, फटाक्यांच्या परवान्याचे नूतनीकरण रखडले, तरी उत्तर तेच. सल्ला चुकीचा नाही, पण अर्धाच आहे. कलेक्टर हा हुद्दा एक असला तरी त्या खुर्चीत बसणारा अधिकारी वेगवेगळ्या कायद्यांखाली वेगवेगळ्या नावाने काम करतो, आणि आपल्या कामाला त्यातले नेमके कोणते नाव लागू आहे हे सांगणे उरलेला अर्धा सल्ला असतो. तो इथे पायरीपायरीने पाहू.

आधी हुद्द्याची जुजबी ओळख. कलेक्टर म्हणजे सारा गोळा करणारा. ईस्ट इंडिया कंपनीच्या अमदानीत वॉरन हेस्टिंग्जने १७७२ मध्ये बंगालात हे पद निर्माण केले. पेशवाई संपल्यावर १८१८ मध्ये माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टनने दख्खनचा कारभार लावला, तेव्हा नगरला पॉटिंजर, पुण्याला रॉबर्टसन, खानदेशात ब्रिग्ज असे कलेक्टर नेमले गेले. सारा वसूल करणाऱ्याच्याच हाती पुढे फौजदारी बंदोबस्ताचे अधिकारही आले. त्या जोडकामाचा परिणाम आजही कचेरीच्या पाटीवर दिसतो : "जिल्हाधिकारी तथा जिल्हादंडाधिकारी".

आपल्या भागाची गोष्ट मात्र थोडी वेगळी आहे. आपण निजामाच्या राज्यात होतो. तिथे १८६५ च्या सुमारास पहिल्या सालारजंगाने जिलाबंदी केली आणि जिल्ह्याच्या मुख्य अधिकाऱ्याला "अव्वल तालुकदार" म्हटले. त्याच्या हाताखाली दुय्यम आणि सोयम तालुकदार, वर सुभेदार. त्याआधी १८५३ ते १८६० एवढाच काळ नळदुर्ग जिल्हा इंग्रजांकडे गेला होता. तेव्हा कॅप्टन मेडोज टेलर नळदुर्गला राहून कारभार पाहत होता. ठगांवरची कादंबरी लिहिणारा तो हाच. त्याचा हुद्दा होता डेप्युटी कमिशनर. म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्याने एकाच कामासाठी डेप्युटी कमिशनर, अव्वल तालुकदार आणि कलेक्टर अशी तीन नावे पाहिली आहेत.

हे केवळ हौसेचे ज्ञान नाही. मराठा-कुणबी नोंदींचा शोध २०२३ पासून जोरात सुरू झाला आणि घरोघरच्या पेट्यांतून निजामकाळचे कागद बाहेर आले. त्यातल्या उर्दू-मोडी कागदावर "अव्वल तालुकदार" असे दिसले की अनेकांना तो कुणी जमीनदार किंवा तालुक्याचा कारकून वाटतो. उत्तरेत, अवधमध्ये, तालुकदार म्हणजे खरोखर मोठे जमीनदार. म्हणून गोंधळ वाढतो. आपल्याकडच्या कागदावरचा अव्वल तालुकदार म्हणजे जिल्ह्याचा प्रमुख असेच वाचावे. कागदावर फसली सन असेल तर त्यात ५९० मिळवा, इसवी सन एखाद्या वर्षाच्या फरकाने हाती येईल. १३५७ फसली म्हणजे १९४७-४८.

आता आजच्या कामाकडे येऊ. पहिली पायरी : आपले काम मुळात कलेक्टरचे आहे का?

इथेच सगळ्यात जास्त अर्ज वाट चुकतात. जिल्ह्यात तीन मोठी कार्यालये आहेत आणि त्यातले कोणीही दुसऱ्याच्या हाताखाली नाही, असे धरून चालावे. जमीन, सारा, परवाने, निवडणुका, आपत्ती या गोष्टी जिल्हाधिकाऱ्यांकडे. गुन्ह्याचा तपास, ठाण्याविषयीची तक्रार पोलीस अधीक्षकांकडे. आणि प्राथमिक शाळा, अंगणवाडी, प्राथमिक आरोग्य केंद्र, गावची पाणीयोजना, ग्रामपंचायतीचा कारभार हे सारे जिल्हा परिषदेकडे. तिथले प्रमुख अधिकारी म्हणजे मुख्य कार्यकारी अधिकारी, बोलीभाषेत सीईओ. महाराष्ट्रात जिल्हा परिषदा १ मे १९६२ ला सुरू झाल्या, तेव्हापासून विकासाची ही कामे कलेक्टरच्या खुर्चीपासून वेगळी झाली. साठ वर्षे उलटली, तरी शाळेच्या पत्र्यासाठी आपण अजून कलेक्टरला साकडे घालतो.

असा अर्ज फुकट जातो असे नाही. आवक शाखेत त्यावर तारखेचा शिक्का बसतो, कोपऱ्यात कुणीतरी शाखेचे नाव लिहितो, आठ-पंधरा दिवसांनी त्या शाखेतून एक ओळीचे पत्र निघते : "सोबतचा अर्ज योग्य त्या कार्यवाहीसाठी आपणाकडे वर्ग करण्यात येत आहे." ते पत्र जिल्हा परिषदेत जाते, तिथून वाशी पंचायत समितीच्या गटविकास अधिकाऱ्यांकडे, तिथून ग्रामपंचायतीत. अर्ज गावातून निघाला आणि जिल्हा फिरून गावातच आला. मधले दोन महिने गेले ते केवळ पहिल्या ओळीतल्या चुकीच्या हुद्द्यामुळे.

दुसरी पायरी : काम महसूलचे असले तरी ते कलेक्टरच्या खालच्या कुणाचे आहे का?

खालून वर असे जिने आहेत. गावात तलाठी, २०२४ पासून त्यांचे अधिकृत नाव ग्राम महसूल अधिकारी झाले, पण लोकांच्या तोंडी तलाठीच आहे आणि आणखी वीस वर्षे राहील. त्यांच्या वर मंडळ अधिकारी. मग वाशीला तहसीलदार आणि त्यांचे मदतनीस नायब तहसीलदार. त्यांच्या वर उपविभागीय अधिकारी, ज्यांना आपण प्रांत म्हणतो. त्यांच्या वर जिल्हाधिकारी आणि सर्वात वर छत्रपती संभाजीनगरला विभागीय आयुक्त; मराठवाड्याचे आठही जिल्हे त्यांच्याखाली.

उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा, जातीचा दाखला प्रांतांचा. फेरफाराची नोंद मंडळ अधिकारी मंजूर करतात. ती मान्य नसेल तर पहिले अपील प्रांतांकडे, थेट कलेक्टरकडे नाही. शेतरस्ता अडवला तर तहसीलदार. इथे एक गंमत ध्यानात असू द्या. रस्त्याची केस बहुधा १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली चालते, म्हणून नोटिशीवर "मामलेदार" असे येते. हा मामलेदार वेगळा कुणी नाही, आपले तहसीलदारच. कायदा जुना, हुद्द्याचे नाव जुने, खुर्ची तीच.

खालची पायरी गाळून वर गेले की काम लवकर होते असा एक समज आहे. माझा अनुभव उलट आहे. वरचे कार्यालय पहिली गोष्ट करते ती म्हणजे खालच्याचा अहवाल मागवणे. वर जायचे ते खाली निर्णय झाल्यावर, किंवा खाली दाद न मिळाल्याचा कागद हातात असताना.

तिसरी पायरी महत्त्वाची आहे आणि तिच्यावर जरा थांबू. काम खरोखर कलेक्टरचेच आहे, पण कोणत्या नात्याने?

एकच माणूस घरी काका असतो, आजोळी भाचा असतो आणि शाळेत गुरुजी. आपण हाक मारतो ती आपल्या नात्याने. कलेक्टरांचेही तसेच. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ खाली ते जिल्हाधिकारी असतात. फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याखाली, म्हणजे १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेखाली, ते जिल्हादंडाधिकारी असतात, म्हणजे शांतता आणि बंदोबस्तासाठी हुकूम काढू शकणारे अधिकारी. निवडणुकीत जिल्हा निवडणूक अधिकारी. पूर, भूकंप, गारपीट यांत जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष. माणूस तोच, सहीही तीच, पण शाखा वेगळी, फाइल वेगळी, आणि निर्णय पटला नाही तर अपिलाचा रस्ताही वेगळा.

यासाठी तेरखेड्याच्या फटाका उद्योगाइतके चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही. या धंद्यामुळे गावाचे नाव राज्यभर झाले आहे. समजा आपल्याला फटाक्याचा छोटा कारखाना काढायचा आहे. पहिला प्रश्न जमिनीचा. शेतजमीन कारखान्यासाठी वापरायची तर अकृषिक वापराचा, म्हणजे एनएचा, प्रश्न येतो. हे काम महसूल शाखेचे आणि इथे कलेक्टर म्हणजे जिल्हाधिकारी.

दुसरा प्रश्न स्फोटकांचा. १८८४ चा स्फोटक कायदा आणि त्याखालचे २००८ चे नियम यांत "जिल्हाधिकारी" नाही, "जिल्हादंडाधिकारी" आहे. एका वेळी १५ किलोपर्यंत दारू हाताळणाऱ्या छोट्या फटाका कारखान्याचा परवाना जिल्हादंडाधिकारी देतात. त्यापेक्षा मोठे काम असेल तर परवाना देणारे खातेच बदलते. ते केंद्र सरकारचे. नाव पेट्रोलियम आणि विस्फोटक सुरक्षा संघटना, धंद्यातले लोक "पेसो" म्हणतात. त्याचे मुख्य कार्यालय आपल्याच राज्यात, नागपूरला आहे. तिथल्या प्रमुखाचा हुद्दा मुख्य नियंत्रक, चीफ कंट्रोलर. पण पेसोचा परवाना हवा असला तरी त्या जागेबद्दल जिल्हादंडाधिकाऱ्यांचे ना-हरकत प्रमाणपत्र लागतेच. म्हणजे मोठ्या कारखानदारालाही गृह शाखेचा, जिल्हादंडाधिकाऱ्यांचे काम पाहणाऱ्या शाखेचा, जिना चढावा लागतो, फक्त तिथे तो परवाना मागायला नाही, ना-हरकत मागायला जातो.

चूक होते ती इथे. एनए आणि ना-हरकत या दोन्हींसाठी एकच अर्ज, "मा. जिल्हाधिकारी" असा, एकाच पाकिटात दिला जातो. अर्ज महसूल शाखेत बसतो. गृह शाखेला तो आल्याचे माहीतच नसते. अर्जदार महिन्याने गृह शाखेत विचारतो, उत्तर येते "आमच्याकडे आलाच नाही", आणि त्याला वाटते की आपल्याला टोलवतायत. प्रत्येक नात्याला वेगळा अर्ज, वेगळी पोच, एवढे पाळले तरी निम्मी अडचण सुटते.

एनए मिळाली म्हणजे परवाना मिळाला असे नाही. परवाना आहे म्हणजे जमीन एनए झाली असेही नाही. एका कलेक्टरची सही दोन्हीकडे असते म्हणून लोक दोन्ही एकच धरतात. तपासणीत मात्र दोन्ही कागद वेगवेगळे मागितले जातात. कामगारांच्या सुरक्षेचे काम तर तिसऱ्याच खात्याचे, औद्योगिक सुरक्षा आणि आरोग्य संचालनालयाचे. स्फोटकाच्या धंद्यात कागद चुकला तर दंडावर भागेल. अंतर आणि साठा चुकला तर भागत नाही. तेरखेड्यात हे कुणाला वेगळे सांगायला नको.

दिवाळीच्या तात्पुरत्या स्टॉलची गोष्टही याच नात्याची. नियमाप्रमाणे तात्पुरत्या दुकानांत एकमेकांपासून निदान ३ मीटर आणि वस्ती-इमारतींसारख्या संरक्षित ठिकाणांपासून ५० मीटर अंतर हवे, दुकाने समोरासमोर नकोत, आणि एका ठिकाणी ५० पेक्षा जास्त दुकाने नकोत. आपल्या जिल्ह्यात या परवानगीचा अर्ज जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या नावे जातो.

पण आपण माल घेऊन सोलापूर शहरात स्टॉल लावणार असाल तर? तिथे जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे जाऊन उपयोग नाही. ज्या शहराला पोलीस आयुक्त आहेत, तिथे स्फोटक नियमांतला "जिल्हा प्राधिकारी" म्हणजे पोलीस आयुक्त. आणि इथे "कमिशनर" या हुद्द्याचा घोळ सुरू होतो. सोलापुरात कमिशनरसाहेब म्हटले की एक महापालिकेचे आयुक्त, दुसरे पोलीस आयुक्त. त्या जिल्ह्याचे विभागीय आयुक्त तर पुण्याला बसतात. स्टॉलची जागा महापालिकेची असेल तर जागेसाठी महापालिका आयुक्त, फटाक्यांच्या परवान्यासाठी पोलीस आयुक्त. नुसते "मा. आयुक्त, सोलापूर" लिहिलेला लिफाफा कुठे पोचेल ते टपालवालाच जाणे. धाराशिवला पोलीस आयुक्त नाहीत, अधीक्षक आहेत, म्हणून आपल्याला हा प्रश्न घरी पडत नाही. बाहेर पडल्यावर पडतो.

सरहद्द ओलांडली की आणखी एक वळण. उमरग्याच्या पलीकडे कर्नाटकात बिदर किंवा कलबुर्गीला गेलात तर तिथला जिल्ह्याचा प्रमुख इंग्रजीत अजून डेप्युटी कमिशनर आहे, लोक "डीसी" म्हणतात. मेडोज टेलरच्या हुद्द्याचेच हे नाव. पंजाब, हरियाणा, हिमाचल, झारखंड इथेही डीसीच. उत्तर प्रदेश, बिहार, बंगालमध्ये तोच अधिकारी "डीएम", म्हणजे डिस्ट्रिक्ट मॅजिस्ट्रेट. विदर्भातही मध्य प्रांत-वऱ्हाडच्या काळात डेप्युटी कमिशनरच होते. महाराष्ट्रात आज मात्र "उपायुक्त" म्हणजे जिल्ह्याचा प्रमुख नव्हे. तो विभागीय आयुक्तांच्या किंवा महापालिका आयुक्तांच्या हाताखालचा अधिकारी. बिदरहून आलेल्या कागदावर डेप्युटी कमिशनरची सही पाहून "हा तर दुय्यम अधिकारी, कलेक्टरची सही आणा" असे कुणी म्हणाले, तर त्याला शांतपणे २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा दाखवा. त्यात जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष कोण हे सांगताना कलेक्टर, डिस्ट्रिक्ट मॅजिस्ट्रेट किंवा डेप्युटी कमिशनर, जिथे जो असेल तो, अशी तिन्ही नावे एका ओळीत बसवली आहेत.

चौथी पायरी : नावाआधीचे छोटे शब्द वाचायला शिकणे. अपर, उप, सहायक, निवासी. यांच्यात फरक मोठा आहे.

अपर जिल्हाधिकारी, ज्यांना सगळे "अप्पर कलेक्टर" म्हणतात, त्यांना नेमून दिलेल्या कामांत ते कलेक्टरचेच अधिकार वापरतात. म्हणून त्यांनी दिलेला हुकूम म्हणजे कलेक्टरचाच हुकूम, आणि त्यावरचे महसुली अपील कलेक्टरकडे न जाता विभागीय आयुक्तांकडे जाते. ही चूक मी वकिलांनाही करताना पाहिले आहे. "खालच्याने निर्णय दिला, आता मोठ्या साहेबांकडे जाऊ" म्हणून कलेक्टरकडे अपील केले जाते, सहा महिन्यांनी ते अधिकारक्षेत्र नाही म्हणून परत येते आणि तोवर मुदत टळलेली असते.

उपजिल्हाधिकारी हा राज्य सेवेतला हुद्दा. लोकसेवा आयोगाची परीक्षा देऊन लोक तिथे येतात. प्रांतांच्या खुर्चीत बहुधा तेच असतात. सहायक जिल्हाधिकारी म्हणजे प्रशासकीय सेवेतले, आयएएस झालेले, नवे अधिकारी. तेही प्रांतांच्या खुर्चीत असू शकतात. ऐकायला सहायक हा उपपेक्षा लहान वाटतो, पण प्रांत म्हणून दोघांचे अधिकार सारखेच. निवासी उपजिल्हाधिकारी, आरडीसी, हे कलेक्टर कचेरीचा रोजचा गाडा हाकतात. परवान्याचे कागद बहुधा त्यांच्या टेबलावरून जातात. आपली फाइल कुठे आहे हे विचारायचे तर कलेक्टरांना गाठण्यापेक्षा आरडीसींना भेटणे शहाणपणाचे.

काही ठिकाणी "कलेक्टर" शब्द येतो पण तो आपला कलेक्टर नसतोच. खरेदीखताला मुद्रांक कमी लागला म्हणून "मुद्रांक जिल्हाधिकारी" अशा सहीची नोटीस आली तर कलेक्टर कचेरीत जाऊ नका. ते नोंदणी आणि मुद्रांक विभागातले सह जिल्हा निबंधक असतात, त्यांचे कार्यालय वेगळे. जुन्या कारखानदारांच्या फायलींत "कलेक्टर, सेंट्रल एक्साइज" असाही हुद्दा सापडेल. तो १९९५ मध्ये कमिशनर झाला. रेल्वेतल्या टीसीलाही पूर्ण नावात कलेक्टरच म्हणतात, पण त्यांच्याकडे अजून कुणी बांधाची तक्रार नेलेली ऐकिवात नाही.

जमीन संपादनात गोंधळ उलट्या बाजूने होतो. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात "कलेक्टर" या शब्दात सरकारने त्या कामासाठी खास नेमलेला अधिकारीही येतो. त्यामुळे निवाड्यावर प्रांतांची किंवा विशेष भूसंपादन अधिकाऱ्यांची सही असली तरी तो कलेक्टरचा निवाडा ठरू शकतो. सही दुसऱ्याची म्हणून तो बेकायदा होत नाही.

तेरखेडा सोलापूर-धुळे महामार्गावर आहे. हा पूर्वीचा २११, आता राष्ट्रीय महामार्ग ५२. महामार्गासाठी जमीन जाते ती १९५६ च्या राष्ट्रीय महामार्ग कायद्याखाली, आणि तिथे हुद्द्यांची नावे पुन्हा बदलतात. मोबदला ठरवणारा "सक्षम प्राधिकारी", बहुधा प्रांत किंवा उपजिल्हाधिकारी दर्जाचे. तो मोबदला मान्य नसेल तर अपील नसते. केंद्र सरकारने नेमलेल्या "लवादा"कडे, म्हणजे तंटा तोडणाऱ्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करायचा असतो. हे लवाद कधी जिल्हाधिकारीच असतात, कधी विभागीय आयुक्त कार्यालयातले अधिकारी. आपल्या निवाड्याच्या नोटिशीत कोण ते लिहिलेले असते. जिल्हाधिकारी असतील तर अर्जावर "मा. लवाद तथा जिल्हाधिकारी" असे लिहावे. नुसते "जिल्हाधिकारी" लिहून वाढीव मोबदल्याची विनंती केली तर तो साधा तक्रार अर्ज होतो आणि तसाच निकाली निघतो.

लोकशाही दिनाचेही असेच. महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात तो भरतो, विहित नमुन्यातला अर्ज १५ दिवस आधी द्यावा लागतो. पण न्यायप्रविष्ट प्रकरणे, महसुली अपिले, नोकरीविषयक तक्रारी तिथे घेतल्या जात नाहीत. लोकशाही दिनाला जाऊन फेरफार रद्द करून मागणारी माणसे दर महिन्याला भेटतात. त्या दिवशी कलेक्टर गाऱ्हाणे ऐकायला बसलेले असतात, अपिलावर निकाल द्यायला नव्हे.

आता प्रत्यक्ष लिहायला बसू. पाचवी पायरी.

वर डावीकडे "प्रति," आणि खाली हुद्दा, नाव नाही. अधिकाऱ्यांची बदली होते. नावाने लिहिलेला लिफाफा कधी कधी त्यांच्या मागे दुसऱ्या जिल्ह्यात जातो. "मा. जिल्हादंडाधिकारी, धाराशिव" आणि खालच्या ओळीत "(गृह शाखा)". शाखेचे नाव घालणे सक्तीचे नाही, पण आवक शाखेतल्या माणसाचा अंदाज चुकण्याची शक्यता त्यामुळे कमी होते. शाखा ठाऊक नसेल तर आधीच्या एखाद्या पत्राचा जावक क्रमांक पाहा. "जा.क्र." नंतर तिरप्या रेघांमध्ये "महसूल", "गृह", "दंडप्र", "भूसं" अशी अक्षरे असतात. "दंडप्र" म्हणजे दंडप्रक्रिया, भूसं म्हणजे भूसंपादन. तो पत्ता आहे असे समजा.

जिल्ह्याचे नाव धाराशिव लिहा. सप्टेंबर २०२३ च्या अधिसूचनेपासून जिल्ह्याचे, उपविभागाचे आणि तालुक्याचे तेच नाव आहे. मात्र संदर्भात जुने पत्र देताना त्यावर छापले असेल तसेच, "उस्मानाबाद", लिहावे. जुना हुकूम नाव बदलल्याने रद्द होत नाही. लोकसभेच्या २०२४ च्या निवडणुकीत मतदारसंघाचे नावही उस्मानाबादच होते. आणि १९८२ पूर्वीचा लातूरच्या बाजूचा कागद उस्मानाबाद कलेक्टरच्या सहीचा निघाला तर दचकू नका; लातूर जिल्हा त्याच वर्षी वेगळा झाला.

"विषय" एका ओळीत, आणि त्यात कायद्याचे नाव आले तर उत्तम. कलम ठाऊक नसेल तर ठोकून देऊ नका. चुकीचे कलम लिहिण्यापेक्षा साध्या मराठीत काय हवे ते लिहिलेले बरे. जुने १४४ कलम आता नव्या संहितेत १६३ झाले आहे, ही एक बाब मात्र लक्षात ठेवा. वर्तमानपत्रांतही अजून जुनाच आकडा अधूनमधून दिसतो.

"साहेब" लिहावे का? बोलताना कलेक्टरसाहेब, प्रांतसाहेब म्हणतोच, कागदावर "मा." पुरेसे आहे. मायबाप सरकार, चरणी विनंती वगैरे निजामी दरबारातले मायने आता नकोत. त्याने काम पुढे सरकत नाही आणि विषयाची जागा मात्र अडते.

अर्जाच्या दोन प्रती न्या. दुसरीवर आवक शाखेचा तारखेचा शिक्का आणि क्रमांक घ्या, हीच पोच. शिपायाच्या हाती दिलेला, साहेबांना समक्ष दिलेला, पुढाऱ्याच्या शिफारशीबरोबर पाठवलेला अर्ज कागदोपत्री आलेला नसतो. साहेबांना समक्ष भेटलात तरी परतताना आवक शाखेतून या.

शेवटची पायरी हुकूम हाती आल्यावरची. आपण आधी शेवटचा परिच्छेद वाचतो : मंजूर की नामंजूर. त्याच्या खालची सही आणि वरचे शीर्षक वाचत नाही. तिथे तीन गोष्टी पाहायच्या. सही कोणत्या हुद्द्याने केली आहे. जिल्हाधिकारी, अपर जिल्हाधिकारी की जिल्हादंडाधिकारी. हुकूम कोणत्या कायद्याखाली आहे. आणि तारीख.

महसूल संहितेखालचा हुकूम असेल तर कलेक्टरपेक्षा खालच्या अधिकाऱ्याच्या हुकुमावर ६० दिवसांत अपील, कलेक्टर किंवा अपर कलेक्टरच्या हुकुमावर ९० दिवसांत, तेही विभागीय आयुक्तांकडे. जिल्हादंडाधिकारी म्हणून परवाना नाकारला असेल तर ही मुदत आणि हा रस्ता लागू नाही. तिथे स्फोटक कायद्यातले अपील पाहावे लागेल. त्याच माणसाची तीच सही असलेले दोन नकार एकाच वकिलाकडे, एकाच अपिलात देऊ नका.

अपिलाला साक्षांकित नक्कल लागते. हुकूम कळला त्याच दिवशी नकलेचा अर्ज टाका, कारण नक्कल मिळायला लागलेला वेळ महसुली अपिलाच्या मुदतीतून वजा होतो, पण अर्ज करण्याआधी आपण घरी बसून घालवलेले दिवस वजा होत नाहीत. नकलेच्या मागे तीन तारखा लिहिलेल्या असतात : अर्ज केव्हा आला, नक्कल केव्हा तयार झाली, केव्हा दिली. त्या तिन्ही भरल्या आहेत का हे खिडकीवरून हलण्याआधी तपासून घ्या.